पाच वर्षांपुढचं आयुष्य

१९६२ साली अमेरिकेतल्या सिॲटल शहरात सात जणांची एक समिती होती. एक वकील, एक धर्मगुरू, एक बँकर, एक गृहिणी, एक सरकारी अधिकारी, एक कामगार पुढारी आणि एक सर्जन. नावं जाहीर करायची नाहीत, अशी अट होती. काम एकच: किडन्या निकामी झालेल्या रुग्णांपैकी डायलिसिस कुणाला द्यायचं हे ठरवायचं. ज्याला मिळणार नाही तो थोड्याच दिवसांत मरणार, हे सातही जणांना माहीत होतं.

ही वेळ आली ती एका चांगल्या बातमीमुळे. रक्त शुद्ध करणारं यंत्र नेदरलँड्सच्या विलेम कोल्फ यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच बनवलं होतं. पण दर खेपेला धमनी आणि शीर नव्याने उघडावी लागे, आणि काही खेपांनंतर शरीरावर जागाच उरत नसे. त्यामुळे तात्पुरत्या बिघाडापलीकडे त्या यंत्राचा उपयोग नव्हता. १९६० मध्ये सिॲटलच्या डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी टेफ्लॉनची नळी रुग्णाच्या हातात कायमची बसवली. ज्याला ती पहिल्यांदा बसवली तो क्लाइड शील्ड्स हा कारागीर त्यानंतर अकरा वर्षं जगला. मरण अटळ असलेला आजार एका नळीने आटोक्यात आला आणि लगेच यंत्रं अपुरी पडू लागली.

आधी डॉक्टरांची चाळणी लागे. पंचेचाळिशी ओलांडलेले बाद, लहान मुलं बाद. उरलेल्यांतून निवड करताना डॉक्टरांकडे वैद्यकीय निकष उरत नसत, म्हणून नागरिकांची समिती. तिने काय पाहिलं? लग्न झालंय का, मुलं किती, पगार किती, शिक्षण काय, मन खंबीर आहे का, समाजाला याचा पुढे काय उपयोग. ‘लाइफ’ मासिकात शाना अलेक्झांडर यांनी त्याच वर्षी नोव्हेंबरात या समितीवर लिहिलं आणि देशभर खळबळ उडाली. पुढे दोन अभ्यासकांनी टोमणा मारला, की हेन्री डेव्हिड थोरो यांच्यासारख्या माणसाच्या किडन्या बिघडल्या तर त्याने त्या भागात राहू नये. एकटा राहणारा, कर न भरणारा, चर्चला न जाणारा माणूस त्या टेबलावर कधीच पास झाला नसता. सात सभ्य माणसांनी आपल्यासारखीच माणसं निवडली, आणि तेही अगदी मनापासून.

या समितीचा प्रश्न नीतिशास्त्राने सोडवला नाही, पैशाने सोडवला. १९७२ मध्ये अमेरिकन संसदेने डायलिसिसचा खर्च सरकारी विम्यात आणला, यंत्रं वाढली आणि निवड करण्याची गरज उरली नाही. यकृताचं तसं होत नाही. मेंदूमृत दात्याच्या कुटुंबाने होकार दिला किंवा जिवंत दात्याने आपल्या यकृताचा तुकडा दिला तरच ते मिळतं. कितीही पैसा ओतला तरी ते कारखान्यात तयार होत नाही. तिथे आजही कुणीतरी कुणाला तरी नाही म्हणावंच लागतं.

असा जीवनमरणाचा निर्णय कृत्रिम बुद्धिमत्तेच्या हाती द्यावा का, हा विषय निघाला की गप्पा हमखास चालकाविना धावणाऱ्या गाडीकडे वळतात. ब्रेक निकामी झालेत, डावीकडे आजी, उजवीकडे शाळकरी मुलगा, गाडीने काय करावं? एमआयटीच्या संशोधकांनी ‘मॉरल मशीन’ नावाच्या खेळातून असे सुमारे चार कोटी निर्णय जगभरातून गोळा केले आणि २०१८ मध्ये ‘नेचर’मध्ये निष्कर्ष छापले. वाचायला मजेशीर प्रकरण आहे. पण खऱ्या रस्त्यावरच्या गाडीला समोरचा डॉक्टर आहे की दरोडेखोर हे कळत नाही, आणि बहुतेक वेळा ब्रेक दाबणं एवढंच शहाणपणाचं असतं. त्या काल्पनिक चौकात आपण इतका वेळ रमलो, की खरा निर्णय इस्पितळाच्या संगणकावर केव्हाच पोचला आहे हे ध्यानात आलं नाही.

तो पोचला गुणांच्या रूपात. २००२ मध्ये अमेरिकेने यकृताच्या प्रतीक्षा यादीसाठी ‘मेल्ड’ हे सूत्र लागू केलं. बिलिरुबिन, क्रिएटिनिन आणि रक्त गोठायला लागणारा वेळ, अशा तीन रक्ततपासण्यांवरून सहा ते चाळीस गुण. जितके गुण जास्त तितकं मरण जवळ, म्हणून तितका नंबर वर. श्रीमंत, गरीब, चर्चला जाणारा, न जाणारा, सूत्राला काही फरक पडत नाही. सिॲटलच्या टेबलाची आठवण असणाऱ्या कुणालाही हे मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटेल, आणि वाटायलाच हवं. महाराष्ट्रातही मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रं याच कारणासाठी नियम आणि गुणांनी याद्या चालवतात. किडनीसाठी डायलिसिसवर काढलेल्या महिन्यांचे गुण मिळतात, लहान मुलांना जादा मिळतात. ‘साहेबांचा फोन आला होता’ हे वाक्य जिथे कुठलंही दार उघडतं, त्या देशात गुणांची यादी ही मोठीच सुधारणा आहे. माझ्यावर वेळ आली तर मी सातजणांच्या समितीपेक्षा या रांगेत उभं राहणं पसंत करीन.

पण रांगेत उभं राहणाऱ्याने सूत्र उघडून पाहायलाच हवं. ‘मेल्ड’मधलं क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं. बायकांचे स्नायू सरासरीने कमी, त्यामुळे किडनी तेवढीच बिघडलेली असूनही त्यांचा आकडा कमी दिसतो, म्हणजे गुण कमी, म्हणजे नंबर मागे. बाईला बाई म्हणून कुणी डावललं नव्हतं, सूत्रात स्त्री-पुरुष हा रकानाच नव्हता, आणि तरीही यादीत बायका अधिक मरत होत्या. २०२३ मध्ये सुधारित सूत्र आलं, त्यात स्त्रियांना १.३३ गुण जादा दिले आहेत. मधली एकवीस वर्षं हा अन्याय दशांश चिन्हाआड सुखरूप राहिला.

किडनीच्या बाबतीत उलट झालं. तिथे रकाना होता. १९९९ पासून वापरात असलेल्या एका सूत्रात रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर किडनीच्या कामाचा आकडा सुमारे १.२ने गुणला जाई. म्हणजे तेच रक्त, तोच अहवाल, पण किडनी कागदावर वीस टक्के धडधाकट. अमेरिकेत प्रत्यारोपणाच्या यादीत प्रतीक्षेचे दिवस मोजायला हा आकडा वीसपर्यंत उतरावा लागतो किंवा डायलिसिस सुरू व्हावं लागतं. कृष्णवर्णीय रुग्णाचा आकडा उशिरा उतरे, घड्याळ उशिरा सुरू होई. २०२२ मध्ये हे बंद झालं आणि पुढच्या वर्षी इस्पितळांना जुने दिवस मोजून परत द्यायला सांगितलं गेलं. चौदा हजारांहून अधिक रुग्णांची प्रतीक्षा अशी मागे नेली गेली. जे तोवर वारले होते त्यांच्या दिवसांचं अर्थातच काही करता आलं नाही.

मला सगळ्यात बोलकं उदाहरण वाटतं ते ब्रिटनचं. मार्च २०१८ मध्ये तिथे यकृतवाटपाची नवी राष्ट्रीय पद्धत आली. आधी प्रत्येक केंद्र आपल्या रुग्णांतून निवड करी, आता संगणक देशभरातून नाव काढू लागला. रुग्णाच्या एकवीस आणि दात्याच्या सात बाबी तो पाहतो. त्याची विचारसरणी थोडक्यात अशी: हे यकृत मिळालं नाही तर हा रुग्ण पुढच्या पाच वर्षांत किती दिवस जगेल? मिळालं तर पाच वर्षांत किती दिवस जगेल? दोन्हींतला फरक म्हणजे ‘लाभ’. ज्याचा लाभ सर्वांत मोठा, त्याला यकृत.

पहिल्या वाचनात यात खोट काढता येत नाही. आपण एक काल्पनिक हिशेब करू. एक बासष्ट वर्षांचे गृहस्थ आहेत, यकृताविना वर्षभर तगतील, मिळालं तर साडेचार वर्षं. लाभ साडेतीन वर्षं. दुसरी तिशीतली बाई आहे, यकृताविना कशीबशी साडेतीन वर्षं काढेल, मिळालं तर पूर्ण पाच. लाभ दीड वर्ष. यकृत गृहस्थांना. पण यकृत मिळालं तर ती बाई पाच वर्षांवर थांबणार नाही, कदाचित आणखी तीस-चाळीस वर्षं जगेल, तिची मुलं मोठी होतील. ती सगळी वर्षं सूत्रासाठी शून्य, कारण त्याचं घड्याळ पाचावर बंद पडतं. पुढच्या महिन्यात पुन्हा यकृत येतं, पुन्हा कुणी साठीचा रुग्ण पुढे जातो. तिची प्रकृती ढासळत जाते आणि तरीही गुण पुरेसे वाढत नाहीत, कारण तरुण शरीर तग धरतं असं सूत्राला ठाम वाटत असतं. २०२३ मध्ये ‘फायनान्शियल टाइम्स’ने अशा तरुण रुग्णांची हकीगत छापली. त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मधून संशोधकांनी आणखी एक विसंगती पुढे आणली: सूत्राच्या हिशेबात यकृताचा कर्करोग असलेला रुग्ण प्रत्यारोपणाविना अधिक काळ जगेल असं निघत होतं. कुठलाही निवासी डॉक्टर हे वाचून हसला असता, पण यादीतून नाव निघत होतं ते याच आकड्यावर.

ब्रिटनच्या बाजूनेही बोलायला हवं. नव्या पद्धतीनंतर प्रतीक्षा यादीतले मृत्यू घटले, असं तिथली प्रत्यारोपण यंत्रणा सांगते, आणि ते काही लहान यश नाही. पाच वर्षांची मर्यादाही कुणा दुष्टाने घातलेली नाही. भाकीत जितकं लांबचं तितकं कच्चं, हे कुठलाही संख्याशास्त्रज्ञ सांगेल. पण ‘आमचं भाकीत पाच वर्षांपुढे भरवशाचं नाही’ हे गणिताचं वाक्य आहे आणि ‘पाच वर्षांपुढचं आयुष्य मोजायचं नाही’ हे नीतीचं. पहिलं लिहिता लिहिता दुसरं लिहिलं गेलं. तिशीच्या रुग्णाचं आयुष्य साठीच्या रुग्णाच्या आयुष्याइतकंच मोजावं, की त्याला जगायला कमी मिळालंय म्हणून झुकतं माप द्यावं, यावर चांगली माणसं आयुष्यभर भांडू शकतात. इथे निकाल संगणकाच्या एका चलपदात लागला.

आता एक गोष्ट स्पष्ट करतो. वर सांगितलेली सूत्रं ही आज ज्याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात त्यातली नाहीत. ही साधी, वहीत मांडता येतील अशी समीकरणं आहेत, आणि म्हणूनच त्यांच्यातल्या चुका सापडल्या. कुणीतरी पाच हा आकडा पाहिला आणि विचारलं, पाचच का? स्वतः शिकणाऱ्या यंत्रात असा बोट ठेवायला आकडा सापडत नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेत रिच कारुआना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूमोनियाच्या रुग्णांच्या माहितीवर असं यंत्र शिकवून तयार केलं. कुणाला भरती करायचं आणि कुणाला घरी पाठवायचं, हे त्याने सांगायचं होतं. यंत्राची अचूकता इतर सर्व पद्धतींपेक्षा सरस होती. पण त्याच माहितीवर शिकलेल्या दुसऱ्या, साध्या पद्धतीने एक नियम काढून दाखवला: दमा असेल तर न्यूमोनियाने मरण्याचा धोका कमी! माहिती खोटी नव्हती. दमेकरी आला की डॉक्टर घाबरून त्याला थेट अतिदक्षता विभागात नेत, म्हणून तो वाचे. यंत्राला दिसलं ते एवढंच, की दमेकरी वाचतात, मग त्यांना घरी पाठवायला हरकत नाही. साध्या पद्धतीने हे बडबडून सांगितलं. अचूक यंत्राच्या पोटात तोच नियम असणार, पण ते बोलत नव्हतं. कारुआना यांनी ते वापरू दिलं नाही. यंत्राच्या पोटात असे आणखी किती दमे असतील हे कळायला मार्ग नव्हता, हे त्यांचं कारण मला निर्विवाद वाटतं.

अशा वेळी कंपन्यांचे आणि सरकारांचे प्रतिनिधी एक वाक्य पुढे करतात: अंतिम निर्णय डॉक्टरांचाच राहील. कागदावर राहतोही. पण रात्री तीन वाजता, चाळीस खाटांच्या वॉर्डात एकटा असलेला डॉक्टर पडद्यावरच्या आकड्याविरुद्ध गेला आणि रुग्ण दगावला, तर चौकशीत त्याला विचारतील, आकडा समोर असताना तुम्ही ऐकलं का नाही? आकड्याप्रमाणे वागला आणि रुग्ण दगावला, तर कुणी काही विचारणार नाही. अशा व्यवस्थेत डॉक्टर कुणीकडे झुकेल हे सांगायला मानसशास्त्र नको. सिॲटलच्या समितीत निदान संकोच होता. कुणाला तरी नाही म्हणताना ती माणसं अस्वस्थ होत, आणि त्यांच्यावर लिहिलं गेलं तेव्हा वाद झाला, पुढे कायदाही बदलला. आकड्याला झोप लागली नाही असं कधी होत नाही.

यापुढचं पाऊल अधिक नाजूक आहे, कारण तिथे यंत्र रांग लावत नाही, माणसाच्या वतीने बोलतं. बेशुद्ध रुग्णाच्या बाबतीत डॉक्टर नातेवाइकांना विचारतात: त्यांना काय आवडलं असतं, व्हेंटिलेटर सुरू ठेवायचा की काढायचा? नातेवाईक यात किती बरोबर असतात, याचा अनेक अभ्यास एकत्र करून २००६ मध्ये हिशेब मांडला गेला. उत्तर आलं ६८ टक्के. म्हणजे दर तीन वेळांत साधारण एकदा आपण आपल्याच माणसाचं मन चुकीचं सांगतो. मग काही नीतिविचारकांनी सुचवलं, की त्या वयाच्या, त्या आजाराच्या माणसांना सहसा काय हवं असतं यावरून संगणकानेच अंदाज बांधावा. २०२४ मध्ये एका गटाने त्यापुढे जाऊन प्रस्ताव मांडला: त्या व्यक्तीची पत्रं, ईमेल, समाजमाध्यमांवरचं लेखन, वैद्यकीय नोंदी यांवर भाषेचं प्रतिमान शिकवावं आणि त्याला विचारावं. उद्या असं यंत्र नातेवाइकांहून अचूक निघालं तर? मला वाटतं, निघेल. माणसं जे बायकोला सांगत नाहीत ते फोनमध्ये लिहितात.

तरीही अचूकता हीच कसोटी आहे का, याचं उत्तर परळच्या केईएम रुग्णालयात शोधावं लागतं. अरुणा शानबाग या तिथल्या परिचारिका. नोव्हेंबर १९७३ मध्ये त्यांच्यावर भीषण हल्ला झाला आणि त्या पुन्हा कधी शुद्धीवर आल्या नाहीत. लेखिका पिंकी विराणी यांनी त्यांचं अन्न थांबवून सुटका करावी म्हणून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. केईएमच्या परिचारिकांनी विरोध केला: आम्ही तिला भरवतो, तिला मासे आवडतात, ती आवाजाने सांगते, ती आमची आहे. मार्च २०११ मध्ये न्यायालयाने याचिका फेटाळली, पण त्याच निकालाने निष्क्रिय इच्छामरणाची वाट उघडली. आणि अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार न्यायालयाने दिला केईएमच्या कर्मचाऱ्यांना, ज्यांनी सदतीस वर्षं त्यांच्या पाठीला जखम होऊ दिली नव्हती. अरुणा यांचं मन कोण अधिक अचूक ओळखतं, यावर हा अधिकार ठरला नाही. कुणी तिची कूस बदलली आणि उद्या कोण बदलणार आहे, यावर ठरला. त्या परिचारिकांचं चुकलंही असेल. पंचवीस वर्षांची तरुणी असताना अरुणा यांनी स्वतःसाठी काय मागितलं असतं हे त्यांनाही माहीत नव्हतं, आणि प्रेमाने माणसं धरून ठेवली जातात हेही खरं. पण चूक असली तरी तिचा जाब विचारायला कुणीतरी समोर होतं, १८ मे २०१५ पर्यंत रोज.

आज आपला कायदा पुढे गेला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने प्रत्येकाला आपल्या अखेरच्या उपचारांबद्दल आधीच लिहून ठेवण्याचा हक्क दिला, २०२३ मध्ये तो सोपा केला: दोन साक्षीदारांच्या जोडीला नोटरीची किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते. मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात पाठपुरावा केल्यावर महाराष्ट्राने असे कागद जपून ठेवण्यासाठी स्थानिक संस्थांमध्ये अधिकारीही नेमले. पण असा कागद केलेली माणसं आपल्या ओळखीत किती निघतील? आपल्याकडे बहुतेक घरांत हा विषय काढला की ‘अभद्र बोलू नका’ म्हणून गप्प करतात. त्यामुळे भाकीत करणाऱ्या यंत्राला इथे मोठं रान मोकळं आहे: कागद नाही, मुलगा न्यू जर्सीत, मुलगी फोनवर रडतेय, डॉक्टरांना संध्याकाळपर्यंत उत्तर हवंय, आणि कुणीतरी म्हणतं, ॲप काय सांगतंय बघा.

मी त्या ॲपला खोलीबाहेर काढा असं म्हणणार नाही. दूरच्या काकांना आपण बोलू देतो, तसं त्यालाही बोलू द्यावं, आणि काकांना विचारतो तसंच विचारावं: हे तुम्हाला कशावरून वाटतं? उत्तर देता आलं नाही तर त्याचं मत तेवढ्याच मोलाचं. व्हेंटिलेटर काढण्यापूर्वी आपल्याकडे दोन वैद्यकीय मंडळांचं मत लागतं, प्रत्येकात तीन डॉक्टर. त्यांच्या कागदावर निदान आहे, सहमती आहे, सह्या आहेत. यंत्राचा आकडा पाहिला का, कुठला पाहिला, तो का मानला किंवा का नाकारला, याला त्यावर रकाना नाही. असे आकडे वॉर्डात येण्याआधी तो रकाना छापून घ्यावा लागेल, आणि त्याखाली सही करणाऱ्या डॉक्टरांचं नाव वाचता येईल अशा अक्षरात हवं.